चाल परत मिळणार नाही

बुद्धिबळाचा पंच नक्की करतो काय, हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे. क्रिकेटच्या पंचाला निदान टोपी असते, कबड्डीच्या पंचाला शिट्टी असते. आमच्याकडे यातलं काहीच नाही. माझ्या सख्ख्या जावेनं एकदा चारचौघांत विचारलं होतं, "दोन माणसं गप्प बसलेली असतात, आणि तू तिसरी गप्प बसायला जातेस. त्याचे पैसे देतात?" देतात. फार देत नाहीत, पण देतात.

मी सावेडीच्या एका मुलींच्या शाळेत खेळाची बाई होते. मुलींना घेऊन स्पर्धांना जायचे तेव्हा तिथले पंच मला हमखास म्हणायचे, "बाई, तुम्ही पालकांत बसा." म्हटलं, थांबा, बघतेच तुमच्याकडे. पंचाची परीक्षा दिली, पास झाले, आणि पुढच्याच स्पर्धेत त्यातल्या एका गृहस्थांना म्हणाले, "साहेब, तुम्ही जरा पालकांत बसता का?" शाळेतून निवृत्त झाले, पण पंचगिरी सुटली नाही. आता तर बरीचशी घरात बसूनच चालते. समोर लॅपटॉप, पडद्यावर विडीच्या बंडलासारखे एकाला एक चिकटलेले खेळाडूंचे चेहरे, आणि कानाला लावलेलं ते यंत्र. नवरा म्हणतो, तू विमान चालवतेस असं वाटतं.

बाहेरच्या माणसाला म्हणून सांगते, आमच्या धंद्यातली निम्मी भांडणं एकाच गोष्टीवरून होतात. माणसाला आपली चाल परत हवी असते. लाकडी पटावर त्याचा नियम साधा आहे. सोंगटीला हात लावला की तीच खेळायची, आणि घरात ठेवून हात सोडला की चाल झाली. सोंगटी वाकडी बसली असेल तर 'नीट करतो' असं सांगून सरळ करता येते. पण आधी सांगून. आमच्याकडे एक डॉक्टर खेळायला यायचे. ते वजीर उचलायचे, तीन बोटांत धरून हवेत फिरवायचे, आणि धोका दिसला की हळूच जागेवर ठेवून म्हणायचे, "नीट करत होतो." एकदा मी म्हटलं, "डॉक्टर, पेशंटचं पोट फाडून झाल्यावर सांगता का, नुसतं तपासत होतो म्हणून?" हॉल हसला. डॉक्टर लालेलाल झाले, पण वजीरच खेळले.

ऑनलाइन आल्यावर सगळ्यांना वाटलं की हे भांडण मिटलं. कसलं मिटतंय! उलट तिथे चाल परत मागायला चक्क एक बटण निघालं. मागे वळलेला बाण असतो. तो दाबला की समोरच्याच्या पडद्यावर प्रश्न उमटतो: चाल परत द्यायची का? त्यानं 'हो' दाबलं की सोंगटी मुकाट जुन्या घरात जाऊन बसते. मैत्रीच्या डावात हे ठीक आहे, शिष्टाचारही आहे. बोट चुकून पडलं असेल तर भला माणूस चाल परत देतो, आणि मागणाराही एका डावात पुन्हा पुन्हा मागत नाही. स्पर्धेत मात्र ते बटण बंद ठेवायचं असतं. कारण बोट घसरलं की नजर घसरली, हे पडद्याअलीकडून कुणालाही कळत नाही. मला तर मुळीच कळत नाही. भंडारदऱ्याचा एक हॉटेलवाला आमच्या स्पर्धा खेळतो. पाहुण्यांच्या ऑर्डरी आणि बुद्धिबळ एकाच मोबाईलवर. एकदा ऐन डावात फोन आला, तो कापायला गेला आणि बोट पडलं हत्तीवर. हत्ती गेला. मला म्हणतो, "मॅडम, ती चाल माझी न्हाई, गिऱ्हाइकाची हाय. त्याला पिठलं-भाकरी पायजे हुती." मी म्हटलं, "मग त्यालाच पुढचा डाव खेळायला बसवा." मला खात्री होती की तो खरं बोलतोय. तरीही चाल परत दिली नाही. असल्या वेळी हसू येतं आणि वाईटही वाटतं, दोन्ही एकदम.

आता ज्या डावासाठी हे लिहायला घेतलं त्याकडे वळते. नावं बदलली आहेत, आणि ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारूनच लिहिते आहे.

जिल्ह्याचा संघ निवडायची ऑनलाइन स्पर्धा होती. संघ राज्य स्पर्धेला बाहेरगावी जायचा होता, तिथे लाकडी पटावर समोरासमोर खेळायचं होतं. बेलापूरजवळच्या एका शेतकरी घरातून दोन नावं आली, सासऱ्याचं आणि सुनेचं. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. तरुणपणी गावच्या सोसायटीच्या ओट्यावर बसून त्यांनी पंचक्रोशी हरवली होती. बरोबरीचे गडी हळूहळू थकले, काही गेले, आणि आबांना खेळायला कुणी उरेना. मग त्यांनी सुनेलाच शिकवलं. वैशाली तिचं नाव. नाव देतानाही आबांनी स्वतःच्या नावाखाली तिचं नाव हौसेनं घातलं होतं.

स्पर्धेच्या आधी वैशालीचा मला फोन आला. कॅमेरा कुठं ठेवायचा हे विचारायचं होतं, पण फोन ठेवता ठेवता म्हणाली, "मॅडम, संघात घेतलं तर खरंच बाहेरगावी न्यायचं असतं का हो?" मी म्हटलं, "मग? तिथं जाऊनच खेळायचं." त्यावर म्हणाली, "मी लग्नानंतर कुठं अशी माझ्या कामाला गेलेच न्हाई. माहेर, दवाखाना आन लग्नकार्य. लई वाटतंय हो जावं." पंचानं कुणाची बाजू मनात धरू नये. नव्हती धरली. पण ते 'लई वाटतंय' माझ्या कानातून गेलं नाही, हेही खरंच.

स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्याच फेरीत लक्षात आलं की आमच्या सचिवांनी रविवारच्या मैत्रीच्या डावांची मांडणी जशीच्या तशी उचलून स्पर्धेला लावली आहे. चाल परत मागायचं बटण उघडं! सचिवांना सगळे भाऊ म्हणतात. उत्साही माणूस, पण घाईचा. एकदा सुरू झालेल्या स्पर्धेत ते बटण बंद करता येईना. मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि ग्रुपवरही टाकलं, की बटण दिसतंय, पण ते नाही असं समजायचं. चाल परत मागायची नाही आणि कुणी मागितली तर द्यायची नाही. सगळ्यांनी अंगठे दाखवले. आबांनीही दाखवला.

फेऱ्या होत गेल्या. सासरा-सून दोघंही छान खेळले, आणि शेवटच्या फेरीत संगणकानं नेमकी त्या दोघांचीच जोडी लावली. संघात एकच जागा उरली होती. दोघांतलं जे कुणी जिंकेल त्याला ती मिळणार होती, आणि बरोबरी झाली तर दोघांनाही सोडून तिसऱ्यालाच.

आबा ओसरीत, वैशाली आतल्या खोलीत. एका मोबाईलवर डाव आणि दुसऱ्या मोबाईलवर चेहरा, असा आमचा नियम. त्यामुळे घरातले चारही मोबाईल बुद्धिबळाला जुंपलेले, आणि वैशालीचा नवरा बिचारा मोबाईलशिवाय शेतात गेलेला. आबांच्या मागं खतांच्या दुकानाचं कॅलेंडर, वैशालीच्या मागं धान्याची कोठी. शेळी एकदा ओरडली की मला दोन्ही मोबाईलमधून ऐकू यायची.

डाव सुरेख चालला होता. आबांची बोटं शेतीनं अशी राठ झालेली की मोबाईलची काच त्यांना दाद देत नाही. दर चालीला ते बोट ओल्या फडक्याला पुसायचे, मग सोंगटी ओढायचे. तसाच त्यांनी वजीर ओढला, आणि तो एक घर अलीकडेच पडला. नेमका वैशालीच्या घोड्याच्या तोंडात! फुकटचा वजीर.  आबांनी बाण तर दाबलाच, वर ओसरीतून हाकही मारली, "वैशे, ती चाल परत घेतो गं!"

आणि आतून उत्तर आलं, "घ्या, आबा."

हो-नाही करायला तिनं श्वासभराचाही वेळ घेतला नाही. वजीर मुकाट मागच्या घरात गेला. दोघांना वाटलं, काही झालंच नाही. ते घरी रोज असंच तर खेळत होते! त्या भागात जुनी रीत आहे, वडीलधाऱ्यानं चाल परत मागितली तर धाकट्यानं नाही म्हणायचं नसतं. ओट्यावरही तसंच आणि घरातही तसंच. धाकट्यानं मागितली तर मात्र वडीलधारा म्हणतो, "डोळं उघडं ठेवून खेळत जा की."

डाव थांबवायचं बटण माझ्याकडे असतं. मी ते दाबलं.

लगेच भाऊंचा फोन. "मॅडम, हे संगनमत आहे. घरातल्या घरात ठरवून खेळतायत. मागणारा आणि देणारा, दोघांनाही शून्य द्या आणि तिसऱ्याला घ्या." कायद्यानं बघितलं तर भाऊ अगदीच चूक बोलत नव्हते. देऊ नका असं बजावलं होतं आणि तिनं दिली होती. पण शून्य दिलं की तिचं जाणं तिथंच संपलं. आणि डाव तसाच चालू ठेवला, आबांना चाल परत मिळू दिली, तरी बहुधा संपलंच, कारण वजीर वाचला की आबांचाच डाव वरचढ होता. इकडे आड, तिकडे विहीर. मी भाऊंना म्हटलं, "ठरवून खेळणारी माणसं माईकसमोर हाका मारत नाहीत. मला आधी तिच्याशी बोलू द्या."

ऑनलाइनमध्ये एका खेळाडूला बाजूला घेऊन बोलायची सोय असते. वैशालीला घेतलं. म्हटलं, "चाल परत द्यायची नाही असं मी सांगितलं होतं. ऐकलं होतंस ना?"

"व्हय मॅडम."

"मग का दिलीस?"

ती मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमी न्हाई म्हना ना. मला म्हनता येत न्हाई."

मी इतकी वर्षं हा नियम लोकांना समजावत आले. शिस्त म्हणून, न्याय म्हणून, सगळ्यांना सारखी वागणूक म्हणून. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या वतीनं नाही म्हणायला हा नियम आहे, असं मी कधीही, कुणालाही सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. मी उगाच पाणी प्यायले.

"मी असं म्हनले ते आबांना नका सांगू," ती म्हणाली. मी म्हटलं, "मी नियम सांगते. नियमाला कुणाचं नाव नसतं."

दोघांना परत समोर घेतलं. म्हटलं, "परत घेतलेली चाल रद्द. ही ताकीद दोघांनाही आहे, पुन्हा असं झालं तर दोघांना शून्य. आबा, वजीर जिथं पडला होता त्याच घरात परत ठेवा, आणि तिथून पुढं खेळा."

हे बोलून गेले आणि मग माझ्या लक्षात आलं की मी त्या म्हाताऱ्याला काय करायला सांगते आहे. यंत्रात दुसरी सोय नव्हती. ती हरायची चाल त्यांना स्वतःच्या बोटानं पुन्हा खेळायची होती.

आबा भडकले. "आवो बाई, बोट घसरलं माजं! मी काय चोरी किली का? माज्या घरात माजी सून मला चाल देती, त्यात तुमच्या बापाचं काय जातं?"

"माझ्या बापाचं काही जात नाही, आबा. पण ही स्पर्धा तुमच्या घरातली नाही, जिल्ह्याची आहे. भंडारदऱ्याच्या माणसाला मी हत्ती परत दिला नव्हता. तुम्हाला वजीर कसा देऊ?"

"ती देती म्हनली ना?"

"ती कोण देणारी? देऊ नका असं मी सांगितलं होतं."

आबांनी भिंतीकडे बघितलं, जणू भिंतीपलीकडं वैशाली दिसणार होती. पडद्यावर वैशालीच्या चौकटीत ती मान खाली घालून बसलेली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मला खरं सांगायचं तर भीती वाटली. मी लॅपटॉप मिटून चहा टाकीन. पण ती? ती त्याच घरात त्याच माणसाला ताट वाढायला जाणार.

मी डाव सुरू केला. आबांनी बोट फडक्याला पुसलं. पुन्हा पुसलं. आणि वजीर उचलून त्याच घरात ठेवला.

मी डाव सुरू केला. वैशाली बराच वेळ काही खेळलीच नाही. घड्याळ पळत होतं. मी मनात म्हणत होते, खेळ गं बाई, खेळ. पंचानं असं मनात म्हणू नये. मग तिनं घोडा उचलला आणि वजीर मारला. आबा त्यानंतरही चिवटपणे लढले, सहज डाव सोडणारा माणूसच नव्हे तो. पण वजिरावाचून किती लढणार? शेवटी डाव सोडला आणि उठून गेले. मला नुसतं खतांचं कॅलेंडर दिसत राहिलं. वैशाली संघात आली. ग्रुपवर टाळ्यांची चित्रं पडली.

नंतर तिचा फोन आला. "आबा जेवतात, पन बोलत न्हाईत. पट माळ्यावर टाकलाय." मी विचारलं, "आणि तुझं जायचं?" तर म्हणाली, "ते कायच बोलंनात म्हनून हे पन बोलंनात." हे म्हणजे तिचा नवरा. मी फोन ठेवला आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसत फिरले. निर्णय बरोबर होता यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण बरोबर निर्णयानं कुणाच्या घरातलं बोलणं बंद पडलं की तो बरोबरपणा घशात अडकतो. त्यांच्या घरातला एकमेव पट माझ्यामुळं माळ्यावर गेला होता. मी काहीच करू शकत नव्हते. पंच डाव संपल्यावर कुणाचाही कुणी नसतो.

संघ निघायच्या दिवशी मी तारकपूरच्या एसटी स्टँडवर गेले. खरं म्हणजे माझं तिथं काही काम नव्हतं. वैशाली येते की नाही एवढंच मला बघायचं होतं. बाकीची पोरं आली, भाऊ आले, पाण्याच्या बाटल्या आल्या. बेलापूरकडून येणारी श्रीरामपूरची एसटी लागली तशी मी मान उंच करून बघायला लागले. आधी उतरले आबा, हातात वैशालीची बॅग. मागून वैशाली, नव्या चपला घातलेली.

आबा सरळ माझ्याकडे आले. "तुमीच त्या मॅडम?"

"मीच ती."

"माजा राग हाय तुमच्यावर. अजून हाय."

"असू द्या आबा. पंचावर राग नसेल तर पंच कामाचा नाही."

"तुमी माजं समदं जिंकलेलं पुसून टाकलं बगा," ते म्हणाले. बॅग खाली ठेवली आणि बाकावर बसले. "त्या दिवशी ती आतनं 'घ्या आबा' म्हनली ना, ते तुमी चाल उलटी किल्यावर माज्या डोक्यात बसलं. म्हनलं, ही मला रोजच 'घ्या' म्हनती. मंग मी रोज जिंकतो ते काय जिंकतो? इचारलं तिला, माजं खरं जिंकलेलं डाव किती गं? तर बोलंना. तोंड फिरवून भाकरी थापत बसली."  "लई लागलं मला ते. वाईट वाटलं."

 खरंच वाईट वाटलं मला. एका म्हाताऱ्या माणसाचं एवढं सुख मी एका वाक्यानं हिरावून घेतलं होतं.

"मंग मीच पट काढला माळ्यावरनं," आबा म्हणाले. "म्हनलं, वैशे, आता ती खडूस बाई हितं बसली हाय असं समजून खेळ. परत मागायचं न्हाई, परत द्यायचं न्हाई. तर काय सांगू मॅडम, धू धू धुतलं मला पोरीनं. रोज! नातवंडं हसायला लागली."

वैशाली बाजूला उभी राहून गालातल्या गालात हसत होती.

"आन काल," आबा ताठ बसत म्हणाले, "काल मी जिंकलो."

मी वैशालीकडे बघितलं. पंचाचा स्वभाव जात नाही. "काय गं? खरं सांग. आज जायचं म्हणून मुद्दाम हरलीस की काय?"

"न्हाई हो मॅडम! माझा हत्ती चुकून पडला, आन मी परत मागितला."

"मग?"

तिनं आबांच्या पायाशी ठेवलेली बॅग उचलली.

"आबांनी दिला न्हाई."